सिस्टर आणि शिकाऊ मुलगी

कुंडल हें गांव प्रतिसरकारच्या चळवळीचें एक मुख्य ठाणें म्हणून १९४३ नंतर साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालें. त्यापूर्वीं औंध संस्थानांतील एक जुनें गांव, डोंगरावरील जैन तीर्थाचें ठिकाण, एवढीच त्याची ओळख होती. १९१० मध्यें शेजारच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, तेव्हां जवळच्या रेल्वे स्टेशनाचें नांव कुंडल रोड असेंच होतें. तें पुढें किर्लोस्करवाडी झालें. या स्टेशनावरून दक्षिणेकडे निघालेली गाडी भिलवडी, नांद्रें, सांगली करीत मिरजेस पोंचते. मिरजेस जाणारे पुष्कळसे लोक रोगी तरी असतात, किंवा रोग्याच्या सोबतीचे तरी. परंतु त्याच गाडींत कधीं कधीं एक तिसऱ्या प्रकारचा उतारू आढळतो. बारावी उत्तीर्ण झालेली, नवी बॅग मांडीवर घट्ट धरून बसलेली, परिचारिकेचें शिक्षण घेण्यास निघालेली मुलगी. हें भाषण तिच्याविषयीं आहे. आणि जिच्या हाताखालीं ती जाणार, त्या वॉर्डांतील सिस्टरविषयींहि आहे.

मुलीला पाठविण्यापूर्वीं घरच्या मंडळींनीं पुष्कळ चौकशी केलेली असते. फी किती, वसतिगृह कसें, खाणावळ बरी आहे काय, पुढें नोकरी लागेल काय. परंतु वॉर्डांत तिला शिकविणार कोण, हा प्रश्न कोणाच्या तोंडीं येत नाहीं. शाळा शिकवील असें सर्वांनीं धरलेलें असतें. जीएनएमचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि पदवीचा चार वर्षांचा. पण या काळाचा मोठा भाग मुलगी बांकावर बसून नव्हे, रोग्याच्या खाटेशीं उभी राहून काढते. तेथें तिची सिस्टरशीं गांठ पडते. सिस्टर ही इस्पितळाची नोकर, शाळेची नव्हे. मुलगी ही शाळेची विद्यार्थिनी, इस्पितळाची नोकर नव्हे. दोघींचें एकमेकींवांचून घटकाभर चालत नाहीं, आणि दोघींचें नातें मात्र धडपणें कोठें लिहून ठेवलेलें नसतें.

या नात्यांतील कडूपणा आजचा नाहीं. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळांत १८६० मध्यें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवच्या निधींतून परिचारिकांची शाळा निघाली आणि तिचा कित्ता जगभर गिरविला गेला. पुढें जागोजाग अशा शाळा निघाल्या, त्यांत उमेदवार मुलगी शिकतां शिकतां वॉर्डाचें काम उपसूं लागली. किंबहुना तिनें तें उपसावें म्हणूनच कित्येक इस्पितळांना शाळा चालविणें परवडत असे. शिस्त करडी, पायऱ्या ठरलेल्या. वरचीनें हुकूम करावा, खालचीनें तो झेलावा. आपल्याकडेहि मिशनच्या आणि सरकारी इस्पितळांतून हीच रीत आली. डॉ. विल्यम वॉनलेस यांनीं १८९४ मध्यें मिरजेस इस्पितळ उघडल्यामुळें कृष्णाकांठच्या या मुलखाला परिचारिकेचा पांढरा पोशाख बराच लवकर परिचयाचा झाला. परिचय झाला म्हणजे मान मिळाला असें नव्हे. परक्या माणसाचें मलमूत्र काढणें हें कुलीन घरच्या बाईचें काम नव्हे, ही समजूत घट्ट होती.

पुण्याच्या सेवासदनांतून रमाबाई रानडे यांनीं कांहीं विधवा मुलींना परिचर्येचें शिक्षण देवविलें, त्या वेळची एक आठवण सांगितली जाते. वार्षिक समारंभांत केशवपन झालेल्या, जाडेंभरडें तांबडें लुगडें नेसलेल्या अशा दोन विद्यार्थिनी बक्षीस घेण्यास व्यासपीठावर आल्या, आणि सज्जांतील शिकल्यासवरल्या तरुणांनीं हुर्यो उडविली. रमाबाई संतापानें उठल्या, आणि त्यांनीं त्या तरुणांना भर सभेंत असें सुनावलें कीं सभा शांत झाली. या आठवणींत बक्षिसाहूनहि मोठी गोष्ट एक आहे. शिकणाऱ्या मुलीची फजिती होत असतां वडीलधारी बाई तिच्या बाजूनें उभी राहिली. तें दृश्य आजच्या एखाद्या वॉर्डांत, डॉक्टरांच्या राउंडच्या वेळीं, किती वेळां दिसतें याचा ज्यानें त्यानें विचार करावा.

पुढें १९४३ मध्यें नेमलेल्या भोर समितीनें १९४६ मध्यें आपला अहवाल दिला. त्यांतील आंकडा असा होता कीं, साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानांत परिचारिका सुमारें ७,००० च होत्या, म्हणजे ४३,००० लोकांमागें एक. जेथें माणसांचा एवढा दुष्काळ, तेथें शिकाऊ हात फुकट मिळाला तर तो कामाला जुंपला जाणारच. वापरण्याची ही संवय दुष्काळ कमी झाला तरी राहिली आहे. शिकावयास आलेली मुलगी कधीं तपासणीचे नमुने घेऊन जिना चढते, कधीं दप्तर भरते, कधीं पांचव्यांदा चादरी मोजते. आणि ज्या कामासाठीं ती आली, तें काम ‘तुला जमणार नाहीं, वेळ नाहीं’ म्हणून तिच्या हातून काढून घेतलें जातें.

आपल्या समाजाला हें नातें समजावयास बाहेरचे दाखले नकोत; सासूसुनेचें आहेच. जिनें सोसलें तिनेंच पुढें छळावें, हा त्या घरांतला जुना न्याय. ‘आम्ही नाहीं का रात्र रात्र उभ्या राहिलों? आम्हांला कोणीं शिकविलें होतें?’ असें म्हणणारी सिस्टर दुष्ट असतेच असें नाहीं. तिला खरोखरच वाटत असतें कीं, बोलून घेतल्यावांचून मुलगी पक्की होत नाहीं. छडीवांचून विद्या नाहीं असें मानणारे मास्तरहि असेच प्रामाणिक होते. परंतु शाळेंतल्या छडीचा वळ मुलाच्या हातावर उठे. वॉर्डांतल्या अपमानाचा वळ तिसऱ्याच्याच अंगावर उठतो, आणि तो तिसरा खाटेवर निजलेला असतो.

हें कसें घडतें तें एका साध्या उदाहरणानें कळेल. मधुमेहाच्या रोग्याला इन्सुलिन द्यावयाचें आहे. आपल्याकडे तें दोन तऱ्हांचें मिळतें: एका मिलिलिटरांत ४० युनिट असलेलें आणि १०० युनिट असलेलें. त्यांच्या सिरिंजहि वेगळ्या. चाळिसाच्या सिरिंजेचें टोपण लाल, शंभराच्या सिरिंजेचें नारिंगी. शंभराचें औषध चाळिसाच्या सिरिंजेंत तिच्या रेघा मोजून भरलें, तर रोग्याच्या अंगांत ठरल्याच्या अडीचपट इन्सुलिन जातें. रक्तांतील साखर झपाट्यानें उतरते, दरदरून घाम सुटतो, शुद्ध हरपते, आणि वेळींच लक्ष गेलें नाहीं तर प्राणावर बेततें. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला हें पुस्तकांतून ठाऊक असतें. पण सकाळच्या घाईंत, एका हातीं बाटली आणि एका हातीं सिरिंज असतां, तिच्या मनांत क्षणभर शंका उभी राहते. सिस्टर चार पावलांवर आहे. विचारावयास अर्धा मिनिट पुरे. आतां, काल याच सिस्टरनें रोग्याच्या नातेवाइकांदेखत ‘एवढेंहि येत नाहीं, मग आलीस कशाला?’ असें म्हटलें असेल, तर ती मुलगी विचारील काय? बहुधा नाहीं. ती मनाशीं ‘हेंच असेल’ म्हणेल. आणि पुढें रोगी घामानें भिजला, तर झालेली चूक सांगावयास ती धांवत येईल काय? तेंहि कठीणच. भीतीनें मुलीचे हात कदाचित् जपून चालत असतील, परंतु तिचें तोंड बंद होतें. आणि इस्पितळांत पुष्कळदां तोंड उघडल्यानेंच जीव वांचतो.

हा नुसता तर्क नव्हे. अमेरिकेंतील एमी एडमंडसन या संशोधिकेनें इस्पितळांच्या निरनिराळ्या वॉर्डांत औषधांच्या चुका किती होतात, याचा अभ्यास करून १९९६ मध्यें तो प्रसिद्ध केला. जेथें परिचारिकांचें एकमेकींशीं चांगलें जमतें आणि प्रमुख बाई समजूतदार आहे, तेथें चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा होती. आंकडे उलटे निघाले. चांगल्या वॉर्डांतच चुका अधिक नोंदलेल्या! खोलांत शिरल्यावर उलगडा असा झाला कीं, त्या वॉर्डांत चुका अधिक होत होत्या असें म्हणण्यास आधार नव्हता. तेथें त्या मोकळेपणानें सांगितल्या जात होत्या. भीतीच्या वॉर्डांत कागद कोरे होते. आपल्याकडील ज्या वॉर्डाची नोंदवही स्वच्छ आहे, तेथील अधिकाऱ्यांनीं तिच्यावर खुषीनें सही करण्यापूर्वीं थोडें थांबावें, हें बरें.

येथवर ऐकून सारा दोष सिस्टरच्या पदरीं घालण्याचा मोह होईल. तसें करणें अन्यायाचें होईल. सिस्टरकडे भरलेला वॉर्ड असतो. औषधें, सलाइन, शस्त्रक्रियेला जावयाचे रोगी, नातेवाइकांचे प्रश्न, डॉक्टरांचे नवे हुकूम, शिवाय लिखापढी; आणि त्यांत पांच-सहा नव्या मुली येऊन उभ्या राहतात. त्यांना शिकविण्याचा वेळ तिच्या कामाच्या हिशेबांत सहसा धरलेला नसतो, आणि शिकविल्याचा मोबदला तर दूरच. शिकविणें ही जणूं तिनें स्वभावानें करावयाची धर्मादाय गोष्ट! १९४७ च्या कायद्यानें स्थापन झालेल्या भारतीय परिचर्या परिषदेनें दहा विद्यार्थ्यांमागें एक शिक्षक असावा असें ठरविलें आहे. पण तो शिक्षक शाळेचा. तो वॉर्डांत येतो, वहींतील कामांवर सह्या करतो आणि जातो. त्यानें पुस्तकाप्रमाणें शिकविलेली रीत एक, आणि सिस्टर अपुऱ्या सामानांत निभावते ती दुसरी. मुलीनें पुस्तकाप्रमाणें करूं म्हटलें तर सिस्टर चिडते. सिस्टरप्रमाणें केलें तर शिक्षक गुण कापतात. दोन धन्यांची ही चाकरी तिला सुटत नाहीं, आणि दोघे धनी एकमेकांशीं क्वचितच बोलतात.

मुलींकडूनहि आगळीक होते, तीहि सांगितली पाहिजे. वॉर्डांत उभ्या उभ्या मोबाइल पाहत राहणें, सहीपुरतें काम करून नाहींसें होणें, हें नित्याचें आहे. याहून नाजुक एक गोष्ट आहे. पदवीच्या अभ्यासक्रमाच्या मुलीला कधीं कधीं वाटतें कीं, जुन्या पदविकेवर वीस वर्षें काढलेल्या सिस्टरला आपल्याइतकें शास्त्र येत नाहीं. येतहि नसेल. परंतु रोग्याचा चेहरा बदलला हें यंत्राच्या आधीं ओळखण्याची जी नजर त्या सिस्टरपाशीं असते, ती कोणत्याहि पुस्तकांत छापलेली नाहीं, आणि सिस्टरनें आपण होऊन उलगडून दाखविल्यावांचून ती दुसऱ्याला मिळतहि नाहीं. पॅट्रिशिया बेनर या विदुषीनें १९८४ मध्यें नवशिकीपासून निष्णात परिचारिकेपर्यंतच्या पांच पायऱ्या मांडल्या. निष्णात बाई नियम आठवीत बसत नाहीं, तिला एकंदर परिस्थिति एकदम दिसते, असें तिचें म्हणणें. तें दिसणें दुसऱ्याला शब्दांत सांगणें फार कठीण. म्हणूनच निष्णात सिस्टर पुष्कळदां शिकविण्यास वाईट असते, आणि त्याचें कारण तिचा स्वभाव नसून तिचें कौशल्यच असतें.

मोठ्या इस्पितळांतून मन विटून आलेल्या मुलींना एक अनुभव मात्र पुष्कळदां निराळा येतो. सामुदायिक आरोग्याच्या शिक्षणासाठीं त्यांना खेड्यांत पाठवितात. कुंडलसारख्या गांवीं नर्सबाई लसींची पेटी खांद्याला लावून गल्लीगल्लींतून हिंडते, आणि तिच्याबरोबर एक-दोन मुली असतात. तेथें राउंड नाहीं, उतरंड नाहीं. बाळंतिणीच्या उंबऱ्यावर पोंचेपर्यंत नर्सबाई सहज सांगत असते कीं, या घरीं सासूशीं आधीं बोलावें लागतें, त्या घरीं मागच्या खेपेस मूल दगावलें, तेथें जपून विचार. घरांत शिरल्यावर ती मुलीचें नांव सांगून तिची ओळख करून देते, आणि मग ‘ए स्टुडंट’ ही हांक कांहीं दिवस ऐकूं येत नाहीं. ज्ञान तेंच, बाईहि शहरांतल्या सिस्टरहून थोर मनाची असतेच असें नाहीं. फरक एवढाच कीं, येथें एकीबरोबर एक-दोघीच चालतात, आणि चालतांना बोलण्यास वेळ असतो.

३ मे १९२१ ला नव्हे, तर त्याच्या बरोबर शंभर वर्षांनंतर, ३ मे २०२१ रोजीं, कोरोनाची दुसरी लाट भरांत असतां केंद्र सरकारनें जाहीर केलें कीं, परीक्षेची वाट पाहणाऱ्या अखेरच्या वर्षाच्या मुलींनाहि इस्पितळांत पूर्ण वेळ कामावर घेतां येईल. अट ही कीं, त्यांनीं वरिष्ठांच्या देखरेखीखालीं काम करावें. देशाला माणसांची नड पडली तेव्हां जें देखरेखीचें नातें गृहीत धरलें गेलें, तें घडविण्यासाठीं आधींच्या वर्षांत किती वेळ आणि पैसा खर्ची पडला होता? उपाय अवघड नाहींत, पण फुकटहि नाहींत. एका मुलीला निदान कांहीं आठवडे एकाच सिस्टरच्या हाताखालीं ठेवावें. रोज नव्या चेहऱ्यापुढें उभें करूं नये. जिच्याकडे मुलगी दिली, तिच्याकडील चार खाटा कमी कराव्या. शाळेच्या शिक्षकानें सिस्टरशीं आठवड्यांतून एकदां बसून पुस्तकाची रीत आणि वॉर्डाची रीत यांचा मेळ घालावा. मुलीविषयींचा शेरा लिहितांना सिस्टरचें मत घ्यावें, आणि सिस्टरच्या बढतीच्या वेळीं तिनें किती मुली तयार केल्या हेंहि विचारावें. यांतील चार खाटांची गोष्ट सर्वांत महाग आहे, आणि ती सोडून बाकीच्या तीन सूचना मान्य करणें हें इस्पितळांच्या व्यवस्थापकांना सर्वांत सोपें वाटेल.