मुलगी ट्रेनिंगला निघाली, राहायचं कुठं?



आयटीआयला, तंत्रनिकेतनला शिकणाऱ्या आपल्या मुली आता चार-पाच जणी मिळून चाकणसारख्या एमआयडीसीत प्रशिक्षणाला जातात. कंपनीचं पत्र आलं की घरात पेढे येतात. पण मुलगी तिथं टिकणार की पंधरा दिवसांत परत येणार, हे पुष्कळदा खोलीवर आणि रस्त्यावर ठरतं. परत आली की लोक म्हणतात, "तिला जमलं नाही," आणि घरात स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून सोय आधी, बॅग नंतर.

पहिलं विचारा, शिफ्ट कोणती? दुसरी शिफ्ट रात्री उशिरा सुटते. कंपनीची बस आहे का? असली तर दाराशी सोडते की फाट्यावर? फाट्यापासून पुढं अंधारात किती चालायचं?

दुसरं, खोली फोटोवर ठरवू नका. दोघी आया जाऊन या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. शक्यतो संध्याकाळी जा, म्हणजे गल्लीत दिवे आहेत का ते कळेल. आतली कडी, पाणी, संडास बघा. एका खोलीत किती जणी, तेही विचारा. डिपॉझिटची पावती घ्या. करारात सगळ्या मुलींची नावं घाला, म्हणजे एक गेली तरी बाकीच्यांना खोली सोडावी लागणार नाही.

तिसरं, पैसे. विद्यावेतन महिना भरल्यावर मिळतं. डिपॉझिट आणि मेस मात्र आधी भरावी लागते. इथं बचत गट कामाला येतो. आईच्या नावे अंतर्गत कर्ज घ्या आणि विद्यावेतनातून हप्ता फेडा. सावकाराकडं जायचं कारण नाही.

चौथं, कायदा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा शिकाऊ मुलींनाही लागू आहे. कंपनीनं दिलेली बससुद्धा त्यात कामाचं ठिकाण धरली जाते. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं तक्रार समिती असावीच लागते. समितीत कोण आहे, हे मुलींनी पहिल्याच दिवशी लिहून घ्यावं. अडचणीत ११२ लावावा.

गटाच्या पुढच्या बैठकीत एवढंच विचारा, "यंदा कुणाची मुलगी निघाली आहे?" हप्त्यांच्या वहीतच तिच्या खोलीचा पत्ता आणि घरमालकिणीचा नंबर लिहून ठेवा. एकट्या आईला जे जड जातं, ते दहा जणींना जमतं.