छायाचित्रकाराचा हुन्नर आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक समारंभातील व्यवसाय मार्गदर्शनपर व्याख्यान)



दहावी-बारावीच्या निकालानंतर पालक आमच्याकडे येतात आणि विचारतात, "गुरुजी, पोराला काय करावे?" डॉक्टर, इंजिनिअर, डी.एड., आय.टी.आय. एवढी नावे घेऊन झाली की आमची यादी संपते. आज मी या यादीबाहेरच्या एका व्यवसायाबद्दल बोलणार आहे. मासिकांसाठी आणि वृत्तपत्रांसाठी माणसांचे फोटो काढणारा छायाचित्रकार, हा तो व्यवसाय. तुमच्यापैकी काहींना हसू येईल. फोटो तर आता प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यात शिकायचे काय? म्हणूनच हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. हे काम कॅमेऱ्याने होते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते तालमीने आणि अदबीने होते, हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

प्रथम काम समजून घेऊ. जुन्या स्टुडिओत मागे रंगवलेला पडदा असे. त्यावर बाग, जिना किंवा ताजमहाल. शेतकरी असो की वकील, सगळे त्याच पडद्यासमोर बसत. मासिकाचा छायाचित्रकार उलटा प्रवास करतो. तो माणसाला आपल्याकडे बोलावत नाही, माणसाच्या जागी जातो. घर, शेत, कारखाना, मदरसा, दुकान, जिथे तो माणूस आयुष्य काढतो तिथे. अमेरिकेतील आर्नल्ड न्यूमन या छायाचित्रकाराचे या पद्धतीत मोठे नाव आहे. 1946 साली त्याने स्ट्राविन्स्की या संगीतकाराचा फोटो काढला. त्यात पियानोचे उघडलेले काळे झाकण जवळजवळ सगळा फोटो व्यापते आणि संगीतकार खाली एका कोपऱ्यात बसलेला आहे. ज्या मासिकाने काम दिले होते त्याने तो फोटो नाकारला. पुढे तोच फोटो जगभर गाजला.

आपल्या जालन्याचे उदाहरण घ्या. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली येथे बियाण्यांची कंपनी काढली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. अशा माणसाचा फोटो कार्यालयाच्या खुर्चीत काढला तर तो कोणत्याही शेठजींचा फोटो दिसेल. कपाशीच्या ओळीत, हातात बोंड घेऊन काढला तर खालची ओळ न वाचताही वाचकाला कळेल की हा माणूस कोण. जागा माणसाबद्दल बोलते. कोणत्या जागेला बोलू द्यायचे, हे ठरवणे म्हणजे या धंद्यातील अर्धे काम.

आता उरलेले अर्धे काम. संपादकाकडून निरोप येतो : अमुक माणूस, अमुक गाव, अमुक तारखेपर्यंत फोटो हवा. मोठ्या माणसाकडे वेळ थोडा असतो, कधी पंधरा मिनिटे, कधी पाच. म्हणून छायाचित्रकार आधी पोहोचतो, खिडकी कोणत्या दिशेला आहे ते पाहतो, भिंतीवरचे कॅलेंडर फोटोत येईल का ते पाहतो. आपल्या मराठवाड्यातील दुपारचे ऊन डोक्यावरून पडते आणि डोळ्यांखाली काळ्या सावल्या पाडते. सकाळी लवकर, सूर्यास्तापूर्वी, किंवा ओसरीच्या आणि लिंबाच्या सावलीत चेहरा मऊ उजळतो. एका बाजूने खिडकीचा उजेड आणि दुसऱ्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता, एवढ्या साहित्यातही उत्तम फोटो निघतो. फार जवळ जाऊन काढले तर नाक मोठे दिसते, म्हणून चेहऱ्यासाठी थोडे लांब उभे राहून लांब पल्ल्याचे भिंग वापरतात. माणसासोबत जागाही दाखवायची असेल तर रुंद भिंग लावतात. मुखपृष्ठासाठी फोटो उभा हवा आणि डोक्यावर मासिकाच्या नावापुरती मोकळी जागा हवी. आणि निघण्यापूर्वी वहीत लिहायचे : पूर्ण नाव, वय, गाव, काम.

हे सारे वर्षभरात शिकता येते. त्यापुढची गोष्ट मात्र कोणतेही यंत्र शिकवत नाही. 1946 साली 'लाइफ' या अमेरिकन साप्ताहिकाची छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट महात्मा गांधींचा फोटो काढायला आली. गांधीजींचे सचिव प्यारेलाल यांनी तिला अट घातली की आधी चरखा चालवायला शिका, मग फोटो काढा. जगप्रसिद्ध बाई, पण बसली आणि शिकली. चरख्यापाशी बसून वाचणाऱ्या गांधीजींचा तो फोटो ज्या लेखासाठी काढला त्यात छापला गेला नाही. 1948 साली गांधीजींच्या हत्येनंतर 'लाइफ'ने तो ठळकपणे छापला आणि आज तो साऱ्या जगाला माहीत आहे. प्यारेलालजींची अट मला शिक्षक म्हणून फार आवडते. ज्याचा फोटो काढायचा, त्याचे काम आधी समजून घ्या. म्हणूनच मी म्हणतो की या व्यवसायाला शिक्षण लागते. इतिहास, भाषा आणि समाज वाचलेला मुलगा माणसासमोर बसून दोन प्रश्न नीट विचारू शकतो. नुसता महागडा कॅमेरा घेतलेला मुलगा फक्त "स्माइल प्लीज" म्हणू शकतो.

आता मी ज्या गोष्टीसाठी आज उभा आहे तिच्याकडे येतो. 1984 च्या डिसेंबरमध्ये स्टीव्ह मॅक्करी नावाचा छायाचित्रकार पेशावरजवळच्या नासिर बाग या अफगाण निर्वासितांच्या छावणीत गेला. तेथे तंबूत भरलेल्या शाळेत त्याने एका हिरव्या डोळ्यांच्या मुलीचा फोटो काढला. वय सुमारे बारा. जून 1985 मध्ये तो 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाच्या मुखपृष्ठावर आला. जगातील अतिशय गाजलेल्या फोटोंपैकी तो एक आहे. पण त्या मुलीचे नाव कोणाला ठाऊक नव्हते, कारण ते लिहून घेतलेच नव्हते. सतरा वर्षे ती जगासाठी फक्त 'अफगाण मुलगी' होती. 2002 साली शोध घेतल्यावर कळले की तिचे नाव शरबत गुला. तिच्या फोटोने जग हेलावले, आणि तिला स्वतःला इतकी वर्षे त्याचा पत्ताही नव्हता. परका पुरुष फोटो काढतो म्हणून त्या दिवशी आपल्याला राग आला होता, असे तिने नंतर सांगितले. त्या मुलीची आणि तिच्या वडीलधाऱ्यांची संमती होती का, हा प्रश्न पुढे जगभर विचारला गेला.

पालकहो, या एका प्रसंगाचा विचार करा. आपल्या समाजाचे फोटो मासिकांत येतात. ईदच्या नमाजाची रांग येते, बुरख्यातील बायका येतात, गल्लीतील टोपी घातलेली मुले येतात. खाली नाव सहसा नसते. चेहरा आपला आणि ओळख दुसऱ्याने लिहिलेली. याबद्दल आपण घरात बसून तक्रार करतो. पण ज्या गल्लीचा फोटो निघाला, त्या गल्लीतील एखादे मूल कॅमेरा घेऊन, शिकून, संपादकाच्या टेबलापर्यंत पोहोचावे यासाठी आपण काय केले? आपले मूल त्या गल्लीत गेले तर त्याला कोणाची खाला कोण, कोण शिवणकाम करते, कोणाचा मुलगा नर्सिंगला आहे, हे माहीत असेल. तो दारावर थाप देईल, इजाजत मागेल, नाव लिहील आणि छापून आलेला अंक नेऊन देईल. एवढ्यानेच फोटो बदलतो.

येथे दोन शंका येतील. पहिली धर्माची. तसबिरीबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि त्याचा निवाडा माझ्यासारख्या शिक्षकाने करायचा नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या विश्वासातील आलिमला विचारावे. दुसरी शंका परद्याची, विशेषतः मुलींच्या बाबतीत. त्याचे उत्तर आपल्याच जुन्या रियासतीत आहे. जालना 1948 पर्यंत निजामांच्या हैदराबाद संस्थानात होते. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 साली हैदराबादेत फक्त स्त्रियांसाठी 'जनाना स्टुडिओ' काढला. भोवती उंच भिंती, आत पुरुषाला बंदी. केनी-लेविक नावाची इंग्रज बाई तो चालवीत असे आणि तिच्या हाताखाली येथील स्त्रिया मदतनीस होत्या. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, परदानशीन स्त्रियांची अदब राखायची असेल तर कॅमेऱ्यामागे स्त्रीच हवी, हे आपल्या दख्खनमध्ये लोकांना कळले होते. मग आज आपल्या शिकलेल्या मुलीने हे काम करण्यात गैर काय? जिथे पुरुष छायाचित्रकार दारात थांबतो तिथे ती आत जाऊ शकते. आपल्या आजींचे, दायांचे, शिवणकाम करून मुलांना शिकवणाऱ्या विधवांचे चेहरे, त्यांची परवानगी घेऊन, त्यांच्या नावासह, तीच जगापुढे ठेवू शकेल.

पण यात रोजी आहे का, हा प्रश्न कोणताही बाप विचारणारच. मी खोटी आशा दाखवणार नाही. मोठ्या सचित्र नियतकालिकांचा काळ ओसरला आहे. 'लाइफ'चे साप्ताहिक 1972 साली थांबले, आपल्याकडचे 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया' 1993 साली बंद पडले. आज मासिकांसोबत वृत्तसंस्था, संकेतस्थळे, कंपन्यांचे अहवाल आणि सामाजिक संस्था यांचे काम असते, आणि पुष्कळ छायाचित्रकारांची चूल लग्नसराईवर चालते. उत्पन्न दरमहा सारखे येत नाही. म्हणून पदवी आधी, कॅमेरा तिच्या जोडीला, असे मी सांगेन. हा सल्ला मोठ्यांच्या आयुष्यातूनही निघतो. मराठी माणसांत या कामात अग्रगण्य असलेले गौतम राजाध्यक्ष (1950-2011) रसायनशास्त्राचे पदवीधर. जाहिरात कंपनीत नोकरी करता करता त्यांनी 1980 च्या सुमारास सिनेकलावंतांचे फोटो काढायला सुरुवात केली, आणि 1987 साली नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच काम धरले. 1997 साली त्यांचे 'फेसेस' हे पुस्तक आले. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे आयुष्य वर्षानुवर्षे टिपले. त्यांना 2016 साली पद्मश्री मिळाली. दानिश सिद्दीकी जामिया मिल्लियामध्ये अर्थशास्त्र आणि नंतर जनसंवाद शिकला, रॉयटर्स या वृत्तसंस्थेत गेला, आणि रोहिंग्या निर्वासितांच्या छायाचित्रांसाठी 2018 साली पुलित्झर पुरस्कार मिळालेल्या चमूत होता. 16 जुलै 2021 रोजी अफगाणिस्तानात लढाई टिपताना तो मारला गेला. त्याचे नाव घेताना मी मुलांना धोक्यात जा असे सांगत नाही. शिक्षण संस्थेतून निघालेला मुलगा कॅमेरा घेऊन कुठवर पोहोचू शकतो, एवढेच सांगतो.

कायद्याचे दोन शब्दही ऐकून ठेवा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, पैसे देऊन कोणी तुमच्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणून काम घेताना करार लेखी करा आणि वाचून मगच सही करा. इंग्रजीचा तास बुडवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे!

शिकायचे कोठे? मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय आहे, दिल्लीचे जामिया आहे. पण सुरुवातीला मुंबई-दिल्लीची गरज नाही. विद्यार्थी मित्रांनो, मी तुम्हाला एक गृहपाठ देतो. 'जालना सोने का पालना' असे आपले बुजुर्ग म्हणत आले. त्या पाळण्यातील दहा माणसे निवडा. औद्योगिक वसाहतीत लालभडक सळई ओढणारा कामगार, मोसंबीच्या बागेचा मालक, जिनिंगमधील कापसाने पांढरी झालेली बाई, सायकल दुरुस्त करणारे चाचा, मंठ्याकडून ऊसतोडीला जाणारे कुटुंब. जवळ मोबाईल असेल तर मोबाईलने काढा. पहिल्या दिवशी फोटो काढू नका. बसा, काम पाहा, चहा प्या, विचारा. दुसऱ्या खेपेला इजाजत घ्या. लहान मूल असेल तर त्याच्या आई-वडिलांना विचारा. कोणी नाही म्हणाले तर सलाम करून परत या, पुन्हा आग्रह नको. फोटो काढल्यावर नाव विचारून, अक्षर तपासून लिहा. आणि एक प्रत त्यांना नेऊन द्या. ही शेवटची गोष्ट केल्याशिवाय गृहपाठ पूर्ण धरला जाणार नाही.

पालकांना एकच विनंती. मूल कॅमेऱ्यात रमले की लगेच "हा वाया गेला" म्हणू नका. त्याने काढलेला फोटो हातात घ्या आणि विचारा, "या माणसाचे नाव काय? तो काय करतो? त्याला विचारून काढलास का?" तीनही उत्तरे आली तर समजा की मूल योग्य वाटेवर आहे. उत्तरे आली नाहीत तर त्याला परत त्या माणसाकडे पाठवा.

अल्लाह आपल्या मुलामुलींना इल्म, हुन्नर आणि अदब देवो.  खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.