हॅम्लेटचं वेड आणि त्याचे शाळासोबती

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. पण ते ऑफिसात रोजच चालतं, तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या ऑफिसातही चालत असणार. म्हणून त्यांच्या परवानगीने मी विषय बदलला. आज मी हॅम्लेटबद्दल बोलणार आहे. आता शेवटी कोणी 'स्वभावचित्र लिहा, पाच गुण' म्हणणार नाही, त्यामुळे शेक्सपिअर वाचायला मजा येते.

हॅम्लेट आपल्याला परका नाही. आगरकरांनी त्याला 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणलं, ते १८८३ साली प्रसिद्ध झालं. त्यातला चंद्रसेन म्हणजे हॅम्लेट. नटवर्य गणपतराव जोशी यांनी ती भूमिका इतकी गाजवली की जुन्या लोकांना चंद्रसेन म्हटलं की तेच आठवत.

गोष्ट थोडक्यात सांगते. हॅम्लेट डेन्मार्कचा राजपुत्र. वडील वारतात, काही आठवड्यांतच आई काकाशी लग्न करते आणि काका गादीवर बसतो. मग वडिलांचं भूत येऊन सांगतं, मला तुझ्या काकाने कानात विष ओतून मारलं, सूड घे. हॅम्लेट त्या रात्रीच होरेशिओला आणि पहारेकऱ्याला शपथ घालतो की मी पुढे विचित्र वागलो तरी तुम्ही कोणाला काही कळू द्यायचं नाही. म्हणजे वेड सोंगाचं. प्रश्न मिटला?

मिटत नाही. ही मूळ कथा सॅक्सो ग्रामॅटिकस या डॅनिश इतिहासकाराने इ. स. १२०० च्या सुमारास लिहिली. तिच्यात काकाने केलेला खून सगळ्यांना माहीत आहे. पुढचा नंबर आपला, हे पोराला कळतं आणि जीव वाचवायला तो खुळ्याचं सोंग घेतो. हिशेब सरळ आहे. शेक्सपिअरने मात्र खून गुप्त ठेवला. काकाला पुतण्याचा संशय नाही, मग सोंग कशासाठी? डॉ. जॉन्सन यांनी १७६५ मध्येच म्हटलं की या सोंगाला पुरेसं कारण दिसत नाही. १९१९ मध्ये एलियटने दाखवलं की या सोंगाने संशय टळत तर नाहीच, उलट वाढतो. जो गप्प बसला असता तर सुरक्षित होता, तो स्वतःच गवगवा करतो.

पुढे पोलोनियसला मारल्यावर, आईच्या महालात, भूत पुन्हा येतं. ते त्याला दिसतं, आईला दिसत नाही. ती म्हणते, तुला भास होतोय. तो म्हणतो, माझी परीक्षा घे, आत्ता बोललो ते सगळं पुन्हा जसंच्या तसं सांगतो. वेड्याला ते जमायचं नाही. इथे माझ्यातली टेस्टिंगवाली जागी होते. चाचणी पास झाली म्हणजे त्या चाचणीत विचारलेलं बरोबर आलं, एवढंच सिद्ध होतं. स्मरणशक्ती शाबूत आहे, म्हणून मन शाबूत आहे असं नाही. त्याच माणसाने घटकेपूर्वी पडद्याआडून आवाज आला म्हणून, आत कोण आहे हे न बघता, तलवार खुपसली होती. आणि शेवटच्या अंकात तोच लेअर्टिसची माफी मागताना सांगतो की तुझं वाईट मी नाही, माझ्या वेडाने केलं. आता कोणतं खरं धरायचं?

मला पटलेलं उत्तर आपल्या शाळेच्या कपाटात होतं. लँबच्या शेक्सपिअर-कथा आठवतात? अवांतर वाचनाला असायच्या. चार्ल्स लँब हा ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत कारकून. १७९५-९६ च्या हिवाळ्यात तो स्वतः सहा आठवडे वेड्यांच्या इस्पितळात होता. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याच्या बहिणीने, मेरीने, वेडाच्या झटक्यात आईला सुरीने मारलं. चार्ल्स तेव्हा २१ वर्षांचा. त्याने बहिणीची जबाबदारी घेतली आणि मरेपर्यंत निभावली. झटका येणार असं वाटलं की दोघं भावंडं रडत रडत पायी इस्पितळाकडे जात. १८०७ मध्ये आलेलं ते पुस्तक या दोघांनी मिळून लिहिलं. सुखान्त नाटकं मेरीकडे, शोकान्तिका चार्ल्सकडे.

त्या चार्ल्सने मुलांसाठी हॅम्लेट सांगताना लिहिलं, त्याचा आशय असा: भुताच्या दर्शनाने हॅम्लेटचं मन खरोखरच ढळायला आलं होतं, आणि ते लोकांच्या लक्षात येईल या भीतीने त्याने वेडाचं सोंग घेतलं. खरी खळबळ खोट्या वेडाखाली झाकली. ज्याच्या घरात वेड होतं, त्याला 'खरं की खोटं' असे दोन कप्पे करावेसे वाटले नाहीत. सोंग होतंच, पण आतलं दुखणंही खरं होतं.

हे आज इथे का सांगतेय? या नाटकात हॅम्लेटला काय झालंय हे शोधायला काका कोणाला बोलावतो? त्याच्या शाळासोबत्यांना! रोझेनक्रँट्झ आणि गिल्डेनस्टर्न. हॅम्लेट त्यांना प्रेमाने भेटतो, पण लगेच विचारतो, आपण होऊन आलात की बोलावलं म्हणून आलात? दोघं चाचरतात. संपली मैत्री. त्यांनाही निदान हवं होतं, पण राजाला कळवायला.

तिसरा सोबती होरेशिओ. तो एकदाही विचारत नाही, तुझं वेड खरं की खोटं. शेवटच्या द्वंद्वाआधी हॅम्लेट म्हणतो, काळजात कसंसंच होतंय. होरेशिओ लगेच म्हणतो, मन नको म्हणत असेल तर ऐक त्याचं. मी जाऊन सांगतो, तुझी आज तयारी नाही. हॅम्लेट ऐकत नाही, तो भाग वेगळा. सगळ्या नाटकात त्याला 'आज नको जाऊ, मी निरोप देतो' म्हणणारा हा एकच माणूस.

आपण चाळिशी ओलांडलेली माणसं. वेडाचं सोंग आपण घेत नाही, 'मजेत आहे'चं घेतो. ग्रुपवर रोज सकाळी विनोद टाकणारा मजेत असेलही. एखादी तीन वर्षं एका शब्दाने बोललेली नाही, ती नुसती कामात असेलही. खरं काय, हे आपल्याला बाहेरून कळणार नाही; कळायलाच हवं असंही नाही. पण आपण एकमेकांना आठव्या इयत्तेपासून ओळखतो, आणि ती ओळख दोन्हीकडे वापरता येते. 'तिचं काय बिनसलंय, तुला काही कळलं का?' असं तिसऱ्याला विचारायलाही, आणि थेट तिलाच फोन करून 'काही सांगू नकोस, रविवारी येते, डबा घेऊन येते' म्हणायलाही.

आज जे आले नाहीत त्यांची यादी नोंदणीच्या टेबलावर आहे. जाताना प्रत्येकाने त्यातलं एक नाव घ्यावं, एवढीच विनंती.