घरची जोडणी आणि तिची जबाबदारी
(गडब परिसरातील ग्रामस्थ, शिक्षक व पंचायत सदस्यांसाठीच्या भाषणाचा मजकूर)



मुंबई-गोवा महामार्गालगत, पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान वसलेल्या गडबसारख्या गावात इंटरनेट ही आता चैनीची बाब राहिलेली नाही. सात-बाराचा उतारा, शिष्यवृत्तीचा अर्ज, पीक विम्याची नोंदणी आणि मुलांचा अभ्यास ही सारी कामे त्यावरून होतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने ही सेवा देशात सर्वसामान्यांसाठी खुली केली, त्या वेळी बहुधा एका दूरध्वनी तारेवर एकच संगणक चाले. आज घरात आलेली एकच जोडणी बिनतारी राउटरच्या साहाय्याने साऱ्या कुटुंबाला पुरवता येते.

राउटरचे काम ग्रामपंचायतीतील आवक-जावक लिपिकासारखे असते. घरातील प्रत्येक मोबाइल वा संगणकाला तो एक अंतर्गत क्रमांक देतो, कोणी काय मागितले याची नोंद ठेवतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला पोहोचवतो. बाहेरच्या जगाला मात्र सामान्यतः एकच पत्ता दिसतो, आणि तो जोडणीधारकाच्या नावावर असतो.

जोडणी वाटली की वेगही वाटला जातो. तीस मेगाबिट वेगाची जोडणी चौघांनी एकाच वेळी पूर्ण क्षमतेने वापरली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सात-साडेसात मेगाबिटच येतात. मुलांचा पाठ चालू असताना इतरांनी मोठे चित्रपट उतरवून घेणे टाळावे, ते यासाठीच. जाड दगडी भिंती, लोखंडी कपाटे आणि पत्र्याचे छप्पर यांमुळे बिनतारी लहरी क्षीण होतात. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर व मोकळ्या जागी असावा. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे अधिक पोहोचतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर वेग अधिक मिळतो, परंतु त्यांचा पल्ला कमी असतो. पावसाळ्यात विजा चमकत असताना राउटरची वीजजोडणी काढून ठेवणे हिताचे होय.

याहून महत्त्वाचा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल पाठवण्यात आला. तपासाचा माग नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घराच्या जोडणीपर्यंत पोहोचला. त्या घरातील बिनतारी जाळ्याला पुरेसे संरक्षण नव्हते आणि त्रयस्थाने त्याचा वापर केला होता. रहिवाशाचा या कृत्याशी संबंध नसल्याचे निष्पन्न झाले. परंतु तोपर्यंत त्याला कसून चौकशीला सामोरे जावे लागले. पत्ता एकच दिसत असल्याने पहिला संशय जोडणीधारकावरच येतो, हा या घटनेचा धडा आहे.

यावरील उपाय सोपे आहेत. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. नवा पासवर्ड लांब असावा; त्यात स्वतःचे नाव वा मोबाइल क्रमांक नसावा. संरक्षणासाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ हीच पद्धत निवडावी. अनेक राउटरांत पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. शाळा व पंचायत कार्यालयांनीही दप्तराचे संगणक आणि अभ्यागतांचे मोबाइल एकाच जाळ्यावर ठेवू नयेत.

शेजारधर्म हा गावाचा प्राण आहे. शेजारच्या विद्यार्थ्याला परीक्षेचा अर्ज भरू देण्यात वावगे काही नाही. पण तो समक्ष भरून घ्यावा, पासवर्ड गावभर होऊ देऊ नये. घरची जोडणी पैसे घेऊन इतरांना पुरवणे मात्र योग्य नव्हे. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने ९ डिसेंबर २०२० रोजी पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली आहे. तिच्यानुसार लहान दुकानदारालाही परवान्याशिवाय सार्वजनिक वाय-फाय केंद्र चालवता येते आणि वापरणाऱ्याची ओळख नोंदली जाते. गावातील किराणा दुकानदार वा बचत गटांना पंचायत सदस्यांनी या योजनेची माहिती करून द्यावी.

एका जोडणीचा लाभ अनेकांना देता येतो, तिची जबाबदारी मात्र एकाच्याच नावावर राहते. ही गोष्ट शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत समजावून सांगितली, तर घरोघरी पोहोचलेली ही सोय निर्धोकपणे वापरली जाईल.