गोदावरी : नदी आणि नौका
(मंडळाच्या शिवाजीनगर येथील सभेत दिलेले भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर. युद्धनौकांवर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? परंतु त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या नदीचे नाव घेऊन मुंबईच्या माझगाव गोदीत जी नौका जन्मली, तिची कथा परमुलखातील मराठी माणसाने अवश्य सांगावी, असे आम्हांस वाटते.

माझगाव गोदीने बांधलेली 'निलगिरी' 1972 साली नौदलात आली. बांधणी आपली, आराखडा मात्र ब्रिटिश 'लिअँडर' वर्गाचा. जहाजभेदी क्षेपणास्त्रे व दोन मोठी हेलिकॉप्टरे मावतील एवढी जागा त्यात नव्हती. तेव्हा नौदलाच्या आरेखनकारांनी धाडस केले. 30,000 अश्वशक्तीची वाफेची यंत्रे तीच ठेविली आणि नौकेची लांबी सुमारे 113 मीटरांवरून 126 मीटरांपर्यंत नेली. नौका जड झाली म्हणजे मंदावणार, असे कोणासही वाटेल. परंतु लांबट बांध्यास लाटांचा अडसर तुलनेने कमी होतो. वेग 27 नॉटांच्या आसपास राहिला.

खरी कसोटी पुढे होती. क्षेपणास्त्रे सोव्हिएत, काही रडारे पाश्चात्त्य, हेलिकॉप्टरे ब्रिटिश. या साऱ्यांस एका नौकेत नांदवावयाचे होते. पाणबुडीचा कानोसा घेणारे या वर्गाचे 'अ‍ॅप्सोह' सोनार मात्र आपले. कोचीच्या नौदल प्रयोगशाळेने ते विकसित केले आणि आपल्या बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने घडविले. आपल्यापैकी ज्यांची उमेदीची वर्षे जालहळ्ळीच्या त्या कारखान्यात गेली, त्यांचाही या यशात वाटा आहे.

'गोदावरी' 10 डिसेंबर 1983 रोजी नौदलात दाखल झाली. 'गंगा' व 'गोमती' मागाहून आल्या. 2022 साली 'गोमती' निवृत्त झाली आणि हा वर्ग इतिहासजमा झाला. विद्या मात्र उरली. त्याच माझगाव गोदीतून 1997 साली 'दिल्ली' ही विनाशिका आली, आणि 2022 साली गोव्याच्या मुरगाव बंदराचे नाव धारण करणारी, 163 मीटर लांबीची, 'ब्राह्मोस' क्षेपणास्त्रे वाहणारी नौका आली.

सारे काही घरीच घडविले तरच स्वावलंबन, असा आपला समज असतो. आमच्या मते आराखडा आपला असावा, त्यातील चुकीचा जाब आपणच द्यावा; मग बाहेरच्या वस्तूही आपल्या कामी येतात. मंडळातील मुलामुलींपैकी कोणी ही आरेखनाची विद्या हाती घेईल, तर सुवर्णमहोत्सवाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.