फिरविलेल्या अंकांचा अर्थ



दूरध्वनीवर अंक फिरविणे ही इतकी सवयीची क्रिया झाली आहे की, ते अंक पुढे कोण वाचतो, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. बंगळूर नगरीत मात्र तो विचारणे उचित ठरेल. १९४८ साली येथेच इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा सार्वजनिक उद्योग स्थापन झाला आणि देशातील असंख्य दूरध्वनी केंद्रांची यंत्रसामग्री दूरवाणीनगरच्या कारखान्यातून बाहेर पडली.

आरंभीची यंत्रे स्ट्रौजर पद्धतीची होती. आल्मन स्ट्रौजर हा अमेरिकेतील कॅन्सस सिटीचा रहिवासी. अंत्यविधीची व्यवस्था करून देणे हा त्याचा व्यवसाय. त्याच्या ग्राहकांचे फोन केंद्रातील ऑपरेटर प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याला संशय होता, असे सांगतात. मध्ये माणूसच नको, या हट्टातून त्याने स्वयंचलित जोडणी कल्पिली व १८९१ मध्ये तिचे पेटंट मिळविले. तबकडीवर पाच फिरविला की तारेतून पाच ठोके जात आणि केंद्रातील दांडा पाच पायऱ्या चढे. अंक म्हणजे यंत्राला दिलेला प्रत्यक्ष धक्काच होता.

पुढे केंद्रे अंक आधी साठवून मग वाचू लागली. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटने १२८ जोडण्यांचे इलेक्ट्रॉनिक ग्रामीण केंद्र तयार केले. त्यांतील पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे बसले. अशा केंद्रांत अंकांचा अर्थ आज्ञावली ठरविते.

इंटरनेट प्रोटोकॉलवर चालणाऱ्या दूरध्वनीत ही वाटचाल पूर्णत्वास गेली आहे. तेथे आवाज लहान लहान पुडक्यांत विभागला जातो आणि क्रमांक हा एका संदेशातील मजकूर बनतो. हा संदेश पाठविण्यापूर्वी क्रमांक पूर्ण झाला की नाही, हे उपकरणाला कळावे लागते. त्यासाठी त्यात अंकयोजना भरलेली असते: ११२ हे तीन अंक येताच थांबू नये, स्थानिक क्रमांकासाठी आठ अंकांची वाट पाहावी. १५ जानेवारी २०२१ पासून भारतात स्थिर दूरध्वनीवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावणे आवश्यक झाले. त्यामुळे सुमारे २५४ कोटी नवे क्रमांक उपलब्ध होतील, असे सांगण्यात आले. जेथे जुनी अंकयोजना तशीच राहिली असेल, तेथे योग्य क्रमांक फिरवूनही फोन लागणार नाही.

काही अंक मात्र कोणालाच बोलावीत नाहीत. ते केंद्राला आज्ञा देतात. फोन दुसऱ्या क्रमांकावर वळविणे, बोलणे चालू असता दुसऱ्या फोनची सूचना मिळणे, यांना पूरक सेवा म्हणतात. तारका व हॅश या कळांचा उपयोग मुख्यतः त्यांच्यासाठी होतो. वळविण्याची आज्ञा केंद्राच्या नोंदवहीत जाऊन बसते. हातातील यंत्र बंद केले तरी ती रद्द होत नाही.

याच गुणाचा दुरुपयोग झाला. दूरसंचार कंपनीचा कर्मचारी असल्याची बतावणी करून भामटे ग्राहकाला तारका, ४०१, तारका व त्यापुढे एक क्रमांक दाबण्यास सांगत. ग्राहक तसे करी आणि त्याला येणारे सर्व फोन भामट्याकडे जाऊ लागत. बँकेचा गुप्त संकेत फोनवरून सांगितला जात असेल, तर तोही त्याच्याच कानी पडे. अखेर दूरसंचार विभागाच्या आदेशानुसार १५ एप्रिल २०२४ पासून अशा संकेतांनी फोन वळविण्याची सोय स्थगित करण्यात आली.

स्ट्रौजरच्या गोष्टीतील ऑपरेटर ग्राहकाच्या नकळत फोन वळवीत असे. येथे ते काम ग्राहकाच्याच बोटाने करवून घेतले गेले. म्हणून अनोळखी व्यक्तीने सांगितलेला तारकेने आरंभ होणारा संकेत दाबू नये, आणि फोन कोठे वळविलेले आहेत, हे यंत्राच्या सेटिंगमध्ये अधूनमधून पाहावे. घराच्या किल्लीबाबत जी काळजी घेतली जाते, तीच या अंकांबाबतही घ्यावयास हवी.