जोडणी आणि शोध

यंत्र नवे आहे एवढ्यावरून ते पेटंटला पात्र ठरत नाही. त्या विषयातील सामान्य जाणकाराला जे सहज सुचले असते, त्याची मक्तेदारी कोणा एकास का द्यावी, असा प्रश्न कायदा विचारतो. अमेरिकेत १९५२ च्या पेटंट कायद्याने ही कसोटी स्पष्ट शब्दांत घातली. ती लावणे किती अवघड असते, हे रस्त्याचे डांबर तापविणाऱ्या एका यंत्राच्या खटल्यावरून दिसून येते.

डांबरी रस्ता पट्ट्यापट्ट्यांनी घातला जातो. दुसरा पट्टा घालीपर्यंत पहिल्याची कड निवते आणि नव्या गरम डांबराशी ती नीट एकजीव होत नाही. त्या सांध्यात पाणी शिरते, थंडीत गोठते आणि रस्ता उखडतो. उघड्या ज्योतीने कड तापवावी, तर वरचे डांबर करपते. ज्योतीवाचून, केवळ प्रारणाने उष्णता देणारा बर्नर ही अडचण टाळीत असे. परंतु तो आधीपासूनच ज्ञात होता. पेटंटधारकाने तो डांबर पसरणाऱ्या यंत्राच्या बाजूस बसविला आणि दोन्ही कामे एकाच यंत्रावर आणली.

जिल्हा न्यायालयाने पेटंट अवैध मानले. अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अखेर ८ डिसेंबर १९६९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्या निकालपत्राद्वारे, पेटंट अवैधच ठरविले. बर्नर यंत्रावर असो वा निराळा, त्याचे कार्य तेच राहते. जोडणीने मोठी सोय झाली, पण नवे कार्य निर्माण झाले नाही. आणि यंत्राला मागणी आली, एवढ्याने शोध सिद्ध होत नाही.

यावर आक्षेप असा की, उत्तर कळल्यावर प्रत्येक कोडे सोपेच भासते. हा आक्षेप रास्त आहे. मोटारीच्या पेडलविषयीच्या २००७ मधील खटल्यात त्याच न्यायालयाने या निकालाचा आधार घेतला, तसा पश्चातबुद्धीचा धोकाही मान्य केला.

भारतातही सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये, भांडी कातण्याच्या यंत्राविषयीच्या वादात, कारखान्यात सहज होणारी सुधारणा आणि शोध यांत भेद केला. हा भेद पुसला गेला, तर ज्ञात साधने एकत्र जोडण्यासाठीही साध्या कारागिराला दुसऱ्याची अनुज्ञा मागावी लागेल. आणि तो अतिकठोर केला, तर खऱ्या संशोधकाच्या श्रमाला संरक्षण उरणार नाही.